चुकलेल्या शॉटची नोंद

जून २०१४. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या सॅक्रॅमेंटो किंग्ज संघाची ड्राफ्टची, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीची खोली. संघाचे मालक विवेक रणदिवे. मुंबईत जुहूला वाढलेले, एमआयटीत शिकलेले, ‘द पॉवर टू प्रेडिक्ट’ नावाचं पुस्तक लिहिलेले. कॉलेजच्या आकडेवारीवरून उद्याचा खेळाडू ओळखून दाखवा, असं जाहीर आवाहन संघाने केलं होतं आणि त्यातून निवडलेल्या बाहेरच्या विश्लेषकांना थेट आत बसवलं होतं. मला या धाडसाचं मनापासून कौतुक वाटतं. व्यावसायिक संघ आपलं दार इतकं उघडत नाहीत. आठव्या क्रमांकावर निवड झाली निक स्टॉस्कसची. मिशिगन विद्यापीठाकडून त्या मोसमात थ्री-पॉइंटरमध्ये ४४ टक्के! ‘निक रॉक्स’ म्हणणारे रणदिवे त्या खोलीतल्या चित्रफितीत दिसतात.

एनबीएत पहिल्याच मोसमात ते ४४ टक्के ३२ वर आले. २०१५ च्या जुलैत स्टॉस्कस फिलाडेल्फियाला गेला.

कारणं अनेक असतील, पण एक तर मैदानावरच आखलेलं होतं. तेव्हा कॉलेजची थ्री-पॉइंट रेषा २० फूट ९ इंचांवर होती, एनबीएची समोरून २३ फूट ९ इंचांवर.

नाशिक विभागाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत गुणनोंदीच्या टेबलावर नव्याने बसणाऱ्या मुलांना मी हा किस्सा हमखास सांगतो. शॉट कुठून मारला, हे टक्केवारी सांगत नाही. आणि आपल्याकडे तर टक्केवारीही निघत नाही! आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या स्कोअरशीटवर झालेली बास्केट, फाउल, टाइमआउट एवढंच भरायचं असतं. चुकलेला शॉट नाही, रिबाउंड नाही, टर्नओव्हर नाही. बास्केटबॉलचे आकडेवारी विश्लेषक डीन ऑलिव्हर यांनी सामन्याचा कल ओळखायला चार गोष्टी सांगितल्या: नेमबाजी, गमावलेले चेंडू, रिबाउंड, फ्री थ्रो. त्यांच्या हिशेबात नेमबाजीचं वजन सुमारे ४० टक्के. आपल्या अधिकृत कागदावरून यातली एकही नीट काढता येत नाही.

म्हणून बाकावरच्या एका राखीव मुलीच्या हातात आम्ही वही दिली.

“सर, मिस झालेला पण लिहायचा?”

“तोच आधी लिही. आणि कुठून मारला तेही.”

तिने मैदानाचं चित्र काढून फुल्या मारायला सुरुवात केली. त्याच संघाशी पुन्हा गाठ पडली तेव्हा मध्यंतरात ती स्वतःहून कोचजवळ गेली. “सर, त्यांची सात नंबर डावीकडून लांबून मारतच नाही, आत घुसते. तिला बाहेर मोकळी सोडा.”

कोचनी वही हातात घेतली, फुल्या पाहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला बचाव बदलला.