मायाही पूर्ण, शिस्तही पूर्ण

"आम्ही काय कमी मार खाल्ला? काय बिघडलं आमचं?" पालकसभेत हे हमखास ऐकू येतं. तितक्याच ठामपणे दुसरं कुणी म्हणतं, "आम्ही पोराला कशालाच नाही म्हणत नाही." जीव दोघांचाही मुलावर असतो. पण माया केली की शिस्त सुटते आणि शिस्त लावायची तर माया आवरावी लागते, असं दोघंही धरून चालतात. पालकत्वाविषयीच्या बऱ्याच गैरसमजांचं मूळ इथंच आहे.

गैरसमज : थोडा धाक, थोडे लाड म्हणजे चांगलं पालकत्व.

वस्तुस्थिती : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात बालवाडीच्या वयाची मुलं आणि त्यांचे पालक यांचा अभ्यास करून पालकत्वाचे तीन प्रकार सांगितले. १९८३ मध्ये एलेनॉर मॅकबी आणि जॉन मार्टिन यांनी चौथा जोडला. ही मांडणी दोन प्रश्नांवर उभी आहे : मुलाला जवळीक किती मिळते आणि त्याच्याकडून अपेक्षा किती असते? अपेक्षा फार, जवळीक कमी, तो धाकाचा प्रकार. जवळीक खूप, बंधन नाही, तो लाडांचा. दोन्ही नाहीत, ते दुर्लक्ष. मुलांचं सर्वाधिक नुकसान यातच दिसतं. दोन्ही भरपूर असतात तिथली मुलं सहसा जास्त स्वावलंबी आणि अभ्यासातही बरी आढळतात. म्हणजे सकाळी फटका आणि संध्याकाळी चॉकलेट हा सुवर्णमध्य नव्हे.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं? संध्याकाळचे साडेसात वाजलेत, सात वर्षांची मुलगी मोबाइल सोडत नाही. आई शेजारी बसते. "खेळ अर्धा राहिला, राग येणारच. पण आपलं साडेसातचं ठरलंय. दे बघू." मुलगी मोबाइल देते आणि भोकाड पसरते. आई मोबाइल परत देत नाही, आणि रडते म्हणून ओरडतही नाही. तिला कुशीत घेऊन बसून राहते.

गैरसमज : दोन फटके दिल्याशिवाय वळण लागत नाही.

वस्तुस्थिती : एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये ७५ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. त्यांत सुमारे १ लाख ६० हजार मुलं होती. फटके खाणाऱ्या मुलांत आक्रमकपणा आणि मानसिक त्रास जास्त आढळला, आईवडिलांशी नातंही कमकुवत दिसलं. मारामुळे मुलं अधिक ऐकू लागतात, असं मात्र दिसलं नाही. मार खाऊनही अनेकजण चांगले घडले, हे खरंच. पण त्याचं श्रेय माराला द्यायचं, की त्याच घरातल्या मायेला आणि कष्टांना?

गैरसमज : 'मारू नका' हे पाश्चात्त्य खूळ आहे.

वस्तुस्थिती : गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं, ते मुलांना भीती दाखवायची नाही या निश्चयानं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी तोच विचार १९४५ मध्ये बोर्डीत आणला, आणि पुढे अनुताई वाघांसह तो कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर रुजवला. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई आहे.

गैरसमज : थोरल्याला जे लागू पडलं, ते धाकटीलाही पडेल.

वस्तुस्थिती : अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमधल्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. स्वभावातले फरक तान्हेपणापासूनच दिसतात, असं त्यांना आढळलं. एक मूल नव्या जागी लगेच रमतं, दुसऱ्याला वेळ लागतो. घराचा नियम दोघांना एकच असावा. तो समजावण्याची रीत वेगळी असू शकते.

गैरसमज : एकदा आवाज चढला, की सगळं बिघडलं.

वस्तुस्थिती : पालकत्वाचा प्रकार एका प्रसंगावरून नव्हे, रोजच्या वागण्यावरून ठरतो. थकलेल्या आईबापांचा तोल कधीतरी जाणारच. अशा वेळी मुलाजवळ जाऊन म्हणता येतं, "मघाशी मी ओरडले, ते चुकलं माझं. मोबाइल मात्र उद्याच मिळेल." माया आणि शिस्त, दोन्ही या दोन वाक्यांत पुरेपूर आहेत.