शैक्षणिक स्वातंत्र्य

शिक्षकाला अध्यापनाचे व संशोधनाचे आणि विद्यार्थ्याला अध्ययनाचे व मतप्रदर्शनाचे, शासन, धर्मसंस्था वा जनसमूह यांच्या दडपणापासून मुक्त असे जे स्वातंत्र्य असते, त्यास शैक्षणिक स्वातंत्र्य म्हणतात. ही कल्पना एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्यापीठांत रुजली. तथापि तेथेही हॅनोव्हरच्या राजाने संविधान रद्द केल्याचा निषेध करणाऱ्या गटिंगेनच्या सात प्राध्यापकांना १८३७ मध्ये पदच्युत करण्यात आले. ग्रिम बंधू त्यांपैकीच होत.

मराठवाड्यात या स्वातंत्र्याची कसोटी १९३८ मध्ये लागली. सिल्लोडसह औरंगाबाद (विद्यमान छत्रपती संभाजीनगर) जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. या भागातील विद्यार्थ्यास उच्च शिक्षणासाठी जवळचे ठिकाण म्हणजे औरंगाबादचे इंटरमीजिएट महाविद्यालय. ते १९१८ मध्ये सुरू झालेल्या, उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठाच्या कक्षेत होते. नोव्हेंबर १९३८ मध्ये तेथील वसतिगृहात प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली. विद्यार्थ्यांनी संप पुकारला; त्याचे लोण हैदराबादच्या वसतिगृहांतही पोहोचले आणि पुष्कळ विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. या गीताविषयी मुस्लिम समाजात आक्षेप होते. काँग्रेस कार्यकारिणीनेही १९३७ मध्ये त्याची पहिली दोनच कडवी गाण्याची शिफारस केली होती. परंतु गीतास आक्षेप घेणे निराळे आणि ते गाणाऱ्याचे शिक्षण तोडणे निराळे.

संस्थानात दुसरे विद्यापीठच नसल्यामुळे नाव कमी होणे म्हणजे बहुधा शिक्षण संपणेच होते. ही शिक्षा निष्प्रभ झाली ती कायद्यामुळे नव्हे, तर निजामाच्या सत्तेबाहेरील नागपूर विद्यापीठामुळे. कुलगुरू टी. जे. केदार यांच्या कारकीर्दीत त्याने या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकी एक. ज्याच्या घरी परगावी ठेवण्याची ऐपत नव्हती, त्यास मात्र नागपूरचे खुले दारही दूरच होते.

मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ १९५८ मध्ये मिळाले. भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य तत्पूर्वीच संविधानाच्या अनुच्छेद १९ने मूलभूत हक्क म्हणून मान्य केले होते. तथापि दडपण केवळ राजसत्तेकडूनच येते असे नाही. रोहिंटन मिस्त्री यांची सच अ लाँग जर्नी ही कादंबरी एका राजकीय पक्षाच्या विद्यार्थी संघटनेच्या विरोधानंतर मुंबई विद्यापीठाने २०१० मध्ये कला शाखेच्या अभ्यासक्रमातून काढली. त्यासाठी कुलगुरूंचे आणीबाणीचे अधिकार वापरण्यात आले. शासनाने पुस्तकावर बंदी घातलेली नव्हती. ते दुकानांत मिळत होते, अभ्यासक्रमात मात्र त्यास जागा उरली नाही.