वाटी रिकामी परत जात नाही

ईदच्या सकाळी नमाज झाली की परंड्याच्या गल्ल्यांमधून शिरखुर्म्याचे डबे निघतात. नवे कपडे घातलेली मुले डबा सांभाळत शेजारच्या घरी जातात. दिवाळीत याच वाटेने चिवडा, शंकरपाळी आणि करंज्या उलट येतात. मराठवाड्यातल्या कोणत्याही जुन्या वस्तीला हे नवे नाही. यात एक रीत मात्र कटाक्षाने पाळली जाते. आलेली वाटी रिकामी परत द्यायची नाही. घरात दुसरे काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची. हा नियम कुठे लिहिलेला नाही. आजीने आईला आणि आईने लेकीला तो सांगितलेला असतो.

त्या चिमूटभर साखरेने कुणाचे पोट भरत नाही. तरीही ती दिली जाते, कारण घेणाऱ्याला नुसता घेणारा राहू द्यायचे नसते. त्याचाही हात देता असावा, त्याची मान ताठ राहावी, एवढी समज त्यामागे असते. दुसऱ्याला आनंदी करणे म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. ते या वाटीत आहे.

उर्दूत यासाठी एक सुंदर शब्द आहे, ‘दिलजोई’. दिल म्हणजे मन आणि जोई म्हणजे शोधणे. समोरच्याचे मन शोधून त्याला दिलासा देणे म्हणजे दिलजोई. याच्या उलट ‘दिलआजारी’, म्हणजे मन दुखावणे. मराठीतही मन राखणे आणि मन मोडणे असे दोन वाक्प्रचार आहेतच. दोन्ही भाषांना एकच गोष्ट ठाऊक आहे. आनंद वस्तूपेक्षा ती देण्याच्या रीतीत असतो.

माऊन : लहान वस्तूंची मोठी परीक्षा

कुरआनच्या १०७ व्या सूरहचे नाव ‘अल्-माऊन’ आहे. माऊन म्हणजे घरात रोज लागणाऱ्या लहानसहान वस्तू. भांडे, बादली, दोर, मीठ, अशा शेजाऱ्याने सहज मागाव्यात आणि आपण सहज द्याव्यात त्या. या सूरहमध्ये अवघ्या सात आयती आहेत. अनाथाला हाकलून देणारा, गरिबाच्या जेवणाची फिकीर न करणारा, लोकांनी पाहावे म्हणून नमाज पढणारा आणि शेजाऱ्याला साधी वस्तूही न देणारा, या सर्वांना तिने एकाच रांगेत उभे केले आहे. नमाजेसारखी इबादत आणि उसने मागितलेले भांडे यांचा उल्लेख एकाच ठिकाणी यावा, हे विचार करायला लावणारे आहे.

हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांच्या शिकवणीतही हाच धागा दिसतो. हसतमुखाने भेटणे हा सदका आहे. रस्त्यातला काटा किंवा दगड बाजूला करणे हाही सदका आहे. रस्सा शिजवताना त्यात थोडे पाणी वाढवावे आणि शेजाऱ्याची आठवण ठेवावी, असेही त्यांनी सांगितले. सदका म्हणजे दानधर्म. तो करायला खिशात पैसे असलेच पाहिजेत, ही समजूत या शिकवणीने मोडून काढली. ज्याच्याकडे देण्यासारखे काहीच नाही, त्याच्याकडेही चांगला शब्द असतो. देऊन नंतर ऐकवून दाखवण्यापेक्षा नम्र शब्दांत नाही म्हणणे बरे, असा कुरआनचा स्पष्ट इशारा आहे.

फित्रा नमाजेच्या आधीच का?

रमजानमध्ये जकात आणि फित्रा हे शब्द इतर धर्मीयांच्याही कानांवर पडतात. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी संपत्ती वर्षभर जवळ असेल, तर तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, जकात म्हणून द्यावा लागतो. हा गरिबांचा हक्क मानला जातो. त्यामुळे देणाऱ्याने उपकाराची भाषा करायची नसते. जकात कुणाला द्यावी, त्याचे आठ प्रकार कुरआनने ठरवून दिले आहेत. त्यात कर्जात बुडालेला माणूसही आहे. ज्या धाराशिव जिल्ह्याने कर्जापायी शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिल्या, तिथे या एका शब्दाचे मोल वेगळे सांगायला नको. जकातीशिवाय मनाने दिला जाणारा सदका तर कोणत्याही धर्माच्या गरजवंताला देता येतो.

फित्र्याचा हिशेब आणखी साधा आहे. ऐपत असलेल्या कुटुंबाने घरातल्या तान्ह्या बाळाच्या नावानेही सुमारे पावणेदोन ते दोन किलो गहू किंवा त्याची किंमत द्यायची. स्थानिक उलेमा दरवर्षी ही रक्कम जाहीर करतात. महत्त्वाची अट वेळेची आहे. फित्रा ईदच्या नमाजेपूर्वी पोहोचला पाहिजे. सणाच्या दिवशी कुणावर हात पसरण्याची वेळ येऊ नये, हा त्यामागचा हेतू. आपली ईद सुरू होण्याआधी दुसऱ्याच्या चुलीवर काय आहे, ते पाहायचे. आधी त्याचा आनंद, मग आपला.

रांगेत उभा राहिलेला दाता

देण्याची ही रीत किती महत्त्वाची आहे, हे परंडा तालुक्याने अलीकडेच अनुभवले. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला. नदीकाठच्या गावांना पाण्याने वेढले. अडकलेल्या लोकांना एनडीआरएफच्या पथकांनी आणि हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले, दावणीची जनावरे दगावली, कित्येकांच्या शेतातली माती वाहून जाऊन खाली खडक उघडा पडला.

राज्यभरातून धान्य, कपडे आणि जनावरांसाठी चारा आला. ती माणुसकी विसरता येणार नाही. पण त्या मदतीच्या रांगेत कोण उभे होते, हेही आठवले पाहिजे. आयुष्यभर खळ्यावरून पसाभर धान्य दुसऱ्याच्या झोळीत टाकणारा, वारकऱ्यांच्या दिंडीला जेवण घालणारा, हुरड्याला गावाला बोलावणारा शेतकरी त्या रांगेत होता. पिशवी घेताना त्याची नजर खाली होती, आणि समोर मोबाइलचे कॅमेरे वर होते. मदतीच्या पिशव्यांवर छापलेल्या छायाचित्रांवरून तेव्हा राज्यभर वादही झाला. पोटाला मदत पोहोचली. मनाला पोहोचली का, हा प्रश्न मात्र उरला.

इस्लामी परंपरेत पैगंबरांचे पणतू इमाम जैनुल आबिदीन यांची गोष्ट सांगितली जाते. मदीनेत रात्रीच्या अंधारात कुणीतरी गरिबांच्या दारात पिठाची पोती ठेवून जात असे. कोण ठेवते, हे कुणालाच ठाऊक नव्हते. इमामांचे निधन झाले आणि पोती येणे थांबले. त्यांना अंघोळ घालताना पाठीवर ओझ्याचे व्रण दिसले, तेव्हा लोकांना उलगडा झाला. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, या शिकवणीचा हा अर्थ आहे. देणारा अंधारात राहिला म्हणून घेणाऱ्याला उजेडात मान वर करून चालता आले.

पाणी भरणारे कल्याण

परंड्याच्या मातीला ही शिकवण परकी नाही. ख्वाजा बदरोद्दीन यांच्या दर्ग्याच्या उरुसाला सर्व धर्मांचे लोक येतात. हंसराज स्वामींचा मठ याच गावात आहे. तालुक्यातल्या डोमगावला सीनेच्या काठी समर्थ रामदासांचे शिष्य कल्याण स्वामी यांचा मठ आणि समाधी आहे. कल्याण स्वामींचे हस्ताक्षर सुंदर होते, ते समर्थांचे लेखनिक होते. तरीही लोकांच्या मनात ते राहिले ते पाण्याच्या हंड्यांमुळे. सज्जनगडाच्या पायथ्यापासून मोठमोठे हंडे भरून ते गडावर पाणी वाहत, असे सांगतात. विद्वान माणसाने पाणी भरावे, हे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. दुसऱ्याची तहान भागवणे ही त्यांची साधना होती. सूफी ज्याला खिदमत म्हणतात आणि संत ज्याला सेवा म्हणतात, ती एकाच विहिरीचे पाणी पिते.

सुरुवात घरापासून

आता प्रश्न रोजच्या जगण्याचा. बसस्थानकावर म्हाताऱ्या माणसाला फलाटाचा फलक वाचून दाखवणे, कचेरीत अर्ज भरता न येणाऱ्या बाईचा अर्ज न रागावता भरून देणे, उधारी थकलेल्या गिऱ्हाइकाला चारचौघांत न बोलता बाजूला घेऊन विचारणे, नापास झालेल्या शेजारच्या मुलाला निकालाच्या दिवशी मुद्दाम चहाला बोलावणे. यात खर्च काही नाही. फक्त समोरच्याच्या जागी क्षणभर उभे राहावे लागते.

सर्वांत अवघड दिलजोई घरातली असते. रोजा आहे म्हणून दिवसभर चिडचिड करणारा माणूस मशिदीत सर्वांना गोड बोलतो आणि घरी इफ्तारला भज्यात मीठ कमी पडले म्हणून ताट सरकवतो. ज्या आईने किंवा पत्नीने पहाटे सर्वांच्या आधी उठून सहरी केली, स्वतः रोजा ठेवून संध्याकाळचा स्वयंपाक केला, तिला ‘थकलीस का?’ एवढे विचारणारा रोजेदार किती घरांत असेल? पैगंबर (स.) घरकामात मदत करत, स्वतःची पादत्राणे स्वतः शिवत, अशी नोंद त्यांच्या पत्नी हजरत आयेशा यांनी केली आहे. भूक सोसण्याचा उद्देश दुसऱ्याची भूक कळावी हा असेल, तर दुसऱ्याचा थकवाही कळायला हवा.

पुराला आता काही महिने झाले. ज्यांची माती वाचली, त्यांच्या शेतात रब्बीची ज्वारी उभी राहिली. ज्यांची वाहून गेली, त्यांच्या घरीही यंदा ईद येईल, पाडवा येईल. तिथे डबा घेऊन जाताना आवाज न करता जावे. थोडा वेळ बसावे, त्यांच्या घरचा घोटभर चहा आवर्जून मागून घ्यावा. निघताना त्या घरची माउली रिकाम्या डब्यात चिमूटभर साखर घालेल. तिला ‘राहू द्या’ म्हणू नये. ती साखर घेणे, हीसुद्धा दिलजोईच आहे.