जुन्या तीनचाकीचा कार्बोरेटर

भिलाई म्हटले की पोलाद आठवते. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि दुर्ग जिल्ह्यातील त्या माळावर सर्व प्रांतांची माणसे नांदू लागली. त्यांत मराठी कुटुंबेही आली. योगायोग असा, की त्याच 1959 साली बजाज ऑटोला दुचाकी व तीनचाकी वाहने देशात बनविण्याचा सरकारी परवाना मिळाला. या तीनचाकीचे मूळ घराणे इटलीचे. पियाज्यो कंपनीने 1948 साली तिकडे ‘आपे’ नावाची तीनचाकी आणली. इटालियन भाषेत आपे म्हणजे मधमाशी. तिचा गुणगुणाट ज्याने ऐकला आहे, त्याला हे नाव किती यथार्थ आहे ते सांगावयास नको.

पोलादाची भट्टी आणि रिक्षाचे इंजिन यांत आकाराचे अंतर आकाशपाताळाएवढे असले, तरी दोहोंचा प्रश्न एकच : इंधन किती आणि हवा किती? भट्टीत हा हिशेब अभियंते मोठमोठ्या उपकरणांनी राखतात. रिक्षात तो मुठीएवढ्या कार्बोरेटरवर सोपविलेला असतो.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी वडिलांची जुनी रिक्षा हौसेने जपली आहे. सिलिंडर झिजला म्हणून त्यांनी तो बोअर करून घेतला. जोर वाढावा म्हणून कार्बोरेटरचा घसाही रुंद करविला. मे महिन्यात गाडी काळा धूर ओकू लागली, तेव्हा त्यांनी लहान जेट बसविले. धूर थांबला, पेट्रोलही कमी लागू लागले. सारे आनंदात होते. पुढे जानेवारीच्या एका पहाटे सुपेल्याहून भरल्या गाडीने निघाले असता पिस्टन सिलिंडरातच आवळला आणि चाक जागच्या जागी थांबले. माणसे सुखरूप राहिली, हे नशीब. असे का झाले, हे समजून घेणे म्हणजेच कार्बोरेटर समजून घेणे होय.

पेट्रोल पूर्णपणे जळण्यास वजनाने सुमारे पंधरापट हवा लागते. एक लिटर पेट्रोलास या हिशेबाने नऊ हजार लिटरांच्या आसपास हवा हवी! कार्बोरेटरचा घसा मध्ये अरुंद असतो. तेथून जाताना हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो, आणि तरंगत्या फ्लोटच्या कुंडीतील पेट्रोल जेटच्या छिद्रातून वर ओढले जाते. पेट्रोल जास्त झाले तर मिश्रण दाट, कमी झाले तर पातळ. दाट मिश्रणाने धूर होतो, प्लग काळवंडतो, पैसा जातो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वाढतो. पातळ मिश्रण मात्र गुपचूप घात करते. जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनात वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. म्हणून पेट्रोल तुटले की तेलही तुटते. उष्णता वाढते, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरास चिकटतो.

आता इंजिनातील फेरफारांकडे वळू. या घराण्यातील 57 मिलीमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच धावेचा सिलिंडर 145 घनसेंटिमीटरांचा भरतो. व्यास 60 केला तर तो 161 होतो. पुष्कळांना वाटते, की सिलिंडर वाढला म्हणजे जेटही वाढविलेच पाहिजे. पण घसा तोच असेल तर हवेची ओढ वाढते तशी पेट्रोलचीही वाढते, आणि प्रमाण बहुतांशी टिकते. घसा रुंद केला की गोष्ट निराळी. रुंद घशात ओढ मंदावते; म्हणून जेट त्याच प्रमाणात मोठे लागते. जेटावरील आकडा छिद्राच्या व्यासाचा, मिलीमीटरच्या शंभराव्या भागात असतो. 100 म्हणजे बरोबर एक मिलीमीटर. घसा 20 मिलीमीटरांचा 21 केला तर 100 चे जेट 105 करून आरंभ करावा. दोहोंचे क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढते. हवेची गाळणी काढून टाकली, तर तिचा अडथळा जाऊन मिश्रण आणखी पातळ होते, आणि धूळ आत जाते ती वेगळीच.

जुळवणीपूर्वी इतर दोष दूर करावेत. ठिणगीची वेळ चुकली असेल, सायलेन्सर काजळीने बुजला असेल किंवा सांध्यातून हवा शिरत असेल, तर कार्बोरेटरला दोष देणे म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडे. जेट तारेने कधीही साफ करू नये; छिद्र रुंदावते. पेट्रोलने धुऊन हवेचा झोत द्यावा.

मग इंजिन दहा मिनिटे चालवून गरम करावे. बंद पडवीत मात्र नव्हे. गती किंचित वाढवून मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्यावा व दीड फेरा बाहेर आणावा. नंतर पाव-पाव फेरा फिरवीत इंजिन जेथे सर्वांत जलद व एकसारखे गुणगुणते, तेथे थांबावे आणि गती पुन्हा उतरवावी. काही कार्बोरेटरांत हा स्क्रू हवा आवरतो, काहींत मिश्रण. म्हणून दिशेपेक्षा कानावर भरवसा ठेवावा.

मुख्य जेटाची परीक्षा उभ्या गाडीत होत नाही. मोकळ्या रस्त्यावर, नेहमीच्या ओझ्यासह, पूर्ण रेसवर गाडी काही अंतर न्यावी. मग क्लच दाबून इंजिन एकदम बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. तपकिरी रंग निरोगी. ओला काळा म्हणजे मिश्रण दाट. पांढुरका म्हणजे धोका. सदैव मोठ्या जेटपासून लहानाकडे यावे. उलट्या वाटेने गेल्यास चुकीची किंमत पिस्टन चुकवितो.

आता त्या जानेवारीच्या पहाटेचे कोडे सुटेल. भिलाईत मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, थंडीत पहाटे तो 10 अंशांच्या आसपास येतो. उन्हाळ्यातील हवा थंडीतल्यापेक्षा सुमारे अकरा टक्के विरळ. पेट्रोल मात्र तेवढे घटत नाही, आणि मिश्रण पाच-सहा टक्क्यांनी दाट होते. आमच्या गृहस्थांनी उन्हाळ्याचा धूर पाहून जेट लहान केले. थंडी आली, हवा घट्ट झाली, तेच जेट अपुरे पडले. रुंद घशाने आधीच मिश्रण पातळ केले होते. ऋतूने उरलेले काम पुरे केले. म्हणून जेट थंडीतील हवेला पुरेल असे निवडावे आणि उन्हाळ्याचा थोडा धूर सोसावा. किंवा दोन ऋतूंसाठी दोन जेटे ठेवून दसऱ्याच्या सुमारास मोठे चढवावे. तेलाचे प्रमाणही मनाने वाढवू नये. तेल वाढले की त्या छिद्रातून पेट्रोल तेवढेच कमी जाते. इंजिन बदलल्यास त्याची नोंद परिवहन कार्यालयात करणे कायद्याने आवश्यक आहे, हेही विसरू नये.

त्या गृहस्थांनी नवा पिस्टन घातला, गाळणी पुन्हा बसविली, जेट दोन आकडे मोठे घेतले. गाडी आता पूर्वीपेक्षा थोडे अधिक पेट्रोल पिते. त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. यंत्राच्या तोंडचा घास काढून केलेली काटकसर शेवटी आपल्याच खिशातून वसूल होते, हे त्यांना त्या पहाटे रस्त्याच्या कडेला उभे असताना कळले होते.