घंटागाडी आणि घनकचरा: जोडशब्दांनी भाषा वाढते की रोडावते?

आजचा विषय व्याकरणाच्या पुस्तकातला वाटेल, पण आपण पुस्तकातून सुरुवात करणार नाही. वसई-विरारच्या रस्त्यावरून करू. सकाळी गल्लीत कचरा न्यायला गाडी येते. कागदोपत्री तिचं काम 'घनकचरा व्यवस्थापन' या विभागात मोडतं. आपण तिला काय म्हणतो? घंटागाडी. दोन्ही जोडशब्दच आहेत. 'घंटागाडी' या शब्दात कचऱ्याचा पत्ताच नाही, तरी चार वर्षांच्या पोराला कळतं की काय आलंय आणि आता कुठला डबा घेऊन धावायचं. 'घनकचरा' या शब्दात मात्र कचरा असूनही माणूस क्षणभर थबकतो. घन म्हणजे ढग? दाट? मोठा हातोडा? मग इंग्रजी शब्द आठवतो आणि उलगडा होतो. म्हणजे मराठी शब्द समजायला इंग्रजी यावी लागते.

तर प्रश्न असा की शब्दाला शब्द जोडून नवा शब्द करण्याची जी सोय आपल्या भाषेत आहे, तिने भाषा श्रीमंत होते की गरीब? दोन्ही बाजूंनी जोरात बोलणारे लोक आहेत. मला स्वतःला वाटतं की प्रश्नच थोडा चुकीचा मांडला जातो. जोडणं वाईट नाही. कोण जोडतं, कशाला कशाशी जोडतं आणि त्या जोडणीत काय झाकलं जातं, हे पाहावं लागतं.

आधी श्रीमंतीची बाजू. चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ. नातं कुठल्या बाजूचं, हे एका शब्दात सांगून मोकळं. हल्ली मुलं 'कझिन' म्हणतात. मग आजी विचारते, कुठला रे? मग पुन्हा सगळं सांगावं लागतं: आईच्या भावाचा. एक सुटसुटीत शब्द आला आणि वाक्य लांबलं.

'मीठभाकर' घ्या. समाहार द्वंद्व म्हणून शाळेत पाठ केलेला असतो. त्याचा अर्थ मीठ अधिक भाकर इतकाच नसतो. घरात जे काही साधं असेल ते, आणि ते प्रेमानं वाढलेलं, एवढं सगळं त्यात येतं. 'चहापाणी' तसंच. ('चहापाण्याचं बघा जरा' असं कुणी म्हटलं की त्यात चहाही नसतो आणि पाणीही नसतं, ते सोडा.) सांगायचा मुद्दा, जोडशब्द ही बेरीज नाही. दोन शब्द एकत्र आले की तिसरंच काहीतरी जन्माला येतं, आणि ते सुट्या शब्दांत नसतं.

हे फक्त मराठीचं नाही. जर्मन लोक हातमोज्याला 'हान्डशू' म्हणतात, म्हणजे हाताचा बूट. आपण हसतो. पण आपण तरी काय म्हणतो? हाताचा मोजा. गंमत पुढे आहे. 'मोजा' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि फारसीत 'मोज़ा' म्हणजे बूटच! दोन भाषांनी एकमेकींना न विचारता हाताला बूट घातला.

आता आपल्या भागाकडे येऊ. १५३४ ते १७३९, दोनशे वर्षं वसई पोर्तुगीजांकडे होती. पोर्तुगीजांचे किती शब्द मराठीत मुरले, हे सगळ्यांना माहीत आहे: पाव, बटाटा, चावी, बादली, पगार. पण शब्द नुसता येणं आणि मुरणं यात फरक असतो. तो मुरला हे ओळखायचं कसं? माझी एक साधी कसोटी आहे. तो आपल्या शब्दाशी सोयरीक करतो का ते पाहायचं. वडापाव. मिसळपाव. पावभाजी. बटाटावडा. या क्षणी पाव पोर्तुगीज राहिला नाही. जोडशब्द म्हणजे परक्या शब्दाला मिळालेलं रेशनकार्ड.

त्याच मातीतलं दुसरं उदाहरण 'ख्रिस्तपुराण'. फादर थॉमस स्टीफन्स, जन्माने इंग्रज, गोव्यात राहिलेले. त्यांचा ग्रंथ १६१६ साली छापला गेला. तो ग्रंथ पुढे 'ख्रिस्तपुराण' म्हणून ओळखला गेला. 'ख्रिस्त' बाहेरचा आणि 'पुराण' अगदी इथला. ते दोन शब्द शेजारी बसल्यावर वाचणाऱ्याला कळतं की हे कशा चालीत ऐकायचं आहे. ओवीत, सभेत, कुणीतरी वाचतंय आणि बाकीचे ऐकताहेत. आणि याच वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी चारशे वर्षांनी बायबल मराठीत आणलं, त्याला नाव दिलं 'सुबोध बायबल'. त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. ही दोन्ही नावं दोन टोकांना ठेवून पाहा. एकात ग्रंथच पुराण होतो, दुसऱ्यात तो बायबलच राहतो आणि फक्त समजायला सोपा होतो.

आता एक गोष्ट कानाला जाणवते ती सांगतो. जुने, लोकांच्या तोंडात घडलेले जोडशब्द झिजलेले असतात. पाणी जोडलं की 'पाण' होतं: पाणलोट, पाणकोंबडी. घोड्याचं घोड होतं: घोडदळ, घोडचूक. आंब्याचं आम होतं: आमराई. मीठ आणि आगर मिळून 'मिठागर' झालं, त्यात मीठ ऱ्हस्व झालं आणि 'आ' त्यात विरघळला. नवे शब्द असे झिजत नाहीत: पाणीपुरवठा, पाणीपट्टी, पाणीटंचाई. पाणी अख्खं, पुढचा शब्दही अख्खा. दोन डबे कपलिंगने जोडावेत तसे. यात काही बिघडलं असं नाही, 'पाणीपट्टी' सगळ्यांना कळते, भरताना तर फारच कळते. पण पाणबुड्या या बुडी मारणाऱ्या माणसावरून ज्यांनी 'पाणबुडी' घेतली आणि लोखंडी युद्धनौकेला लावली, त्यांचा कान शाबूत होता.

डब्यांवरून आठवलं. १८६७ साली विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली. त्या काळात लोकांनी या यंत्राला आगगाडी म्हटलं, बोटीला आगबोट म्हटलं. समोर जे दिसलं ते सांगितलं. आग आहे, गाडी आहे, झालं. आज वाफ गेली, आग गेली, तरी शब्द टिकला, पुस्तकात तरी. फलाटावर मात्र 'विरार फास्ट' आणि 'लेडीज डबा'. 'लेडीज डबा' हा उत्तम मराठी जोडशब्द आहे, असं म्हटलं की काही मंडळी नाराज होतात. व्हावं.

ही नाराजी जुनी आहे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय होते. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धी मांडली. 'महापौर' हा त्या चळवळीतला शब्द आज आपल्या महापालिकेत सर्रास चालतो. राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय सुरू झालं आणि १९६२ मध्ये पदनाम कोश आला. आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटलं. हसू आलं सगळ्यांना, पण त्या कोशाच्या काळातले किती शब्द आज आपण बिनबोभाट वापरतो ते पाहा. 'जिल्हाधिकारी' घ्या. 'जिल्हा' अरबी, 'अधिकारी' संस्कृत, आणि दोघांचा सांधा पाणिनीच्या नियमाने, दीर्घसंधी! कुठल्याही शुद्धतावाद्याला झोप येऊ नये असा शब्द. आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला तेव्हा आपल्याला वेगळा जिल्हाधिकारी मिळाला म्हणून लोकांनी आनंदच केला. 'धोकादायक इमारत' तसंच. 'धोका' संस्कृत नाही, 'दायक' आहे. संकर झाला. पण पावसाळ्यापूर्वी भिंतीवर लागणारी ती पाटी वाचून कुणी अर्थ विचारत नाही.

उलट 'भ्रमणध्वनी' पडला. कार्यालयाच्या पत्रात तेवढा दिसतो. मला कारण असं वाटतं की 'भ्रमण' आणि 'ध्वनी' हे दोन्ही शब्द कुणी भाजी घेताना वापरत नाही. चित्र आणि पट रोजचे होते म्हणून 'चित्रपट' चालला. कचऱ्याचंच बघा ना: 'घनकचरा' फायलीत राहिला, आणि 'ओला कचरा, सुका कचरा' घरोघर गेला. तिथे समाससुद्धा नाही, साधी विशेषणं आहेत.

इथपर्यंत ठीक. पण माझी खरी तक्रार अवघड शब्दांबद्दल नाहीच. सोप्या जोडशब्दांबद्दल आहे.

समासाचा नियम असा की मधली नाती गळतात. तत्पुरुषात विभक्ती जाते, मध्यमपदलोपीत अख्खं पद जातं. बोलताना ही सोय आहे. पण कारभाराच्या भाषेत कोण गळतं? क्रियापद गळतं आणि करणारा गळतो. 'आम्हाला पाणी मिळत नाही' या वाक्यात 'आम्हाला' आहे, आणि ऐकणाऱ्याला विचारता येतं, का मिळत नाही? कोण देत नाही? त्याचं 'पाणीटंचाई' झालं की ते दुष्काळासारखं, आभाळातून पडल्यासारखं होतं. 'पाणीकपात' त्याहून सोयीची. कापलं कुणी, हे शब्दात नाही. 'अनधिकृत बांधकाम निष्कासन कारवाई' ही चार शब्दांची ओळ वाचा. नालासोपाऱ्यात ४१ इमारती पाडल्या गेल्या, तिथल्या कुटुंबांसाठी या ओळीचा अर्थ 'आमचं घर पाडलं' असा होता. बांधलं कुणी, विकलं कुणी, तेव्हा पाहिलं नाही कुणी, ही सगळी पदं लोप पावलेली. व्याकरणात याला लोप म्हणतात. बाहेर दुसरं काही म्हणत असतील.

लगेच उलटं उदाहरण देतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस सरकारी शब्दांच्या मागेच लागलाय. 'प्रकल्पग्रस्त'. धरणाखाली गाव गेलेल्या माणसाला पूर्वी नाव नव्हतं. १९७६ साली महाराष्ट्राने अशा विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. मोर्च्यातून, अर्जातून हा शब्द लोकांनी उचलला. 'आम्ही प्रकल्पग्रस्त' म्हणताना माणूस हक्क सांगतो. इथे जोडशब्दाने करणारा लपवला नाही. प्रकल्प अगदी पहिल्या पदात उभा आहे.

नावांचंही असंच. ३ जुलै २००९ ला चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती मिळून आपली महापालिका झाली. नाव पडलं वसई-विरार. द्वंद्व समास, दोन्ही पदं सारख्या मानाची. पण नगरपरिषदा चार होत्या: वसई, विरार, नालासोपारा, आणि नवघर-माणिकपूर. नालासोपारा हेच नाळे आणि सोपारा या दोन गावांचं जोडनाव, स्टेशनने केलेलं. पुढे २९ गावं महापालिकेतून बाहेर पडायचं म्हणून वर्षानुवर्षं झगडली. नावामुळे झगडली असं मी म्हणत नाही. पण समासात दोन जागा असतात आणि गावं जास्त असतात, एवढं खरं.

आता शेवटचा, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. खाडीकाठी जी झाडं आहेत त्यांना काय म्हणायचं? वर्तमानपत्रं 'खारफुटी' लिहितात. सुरेख शब्द आहे, खाऱ्या पाण्यात फुटणारी. वन विभाग 'कांदळवन' म्हणतो, २०१२ पासून त्यांचा कांदळवन कक्षच आहे. काठावरची जुनी माणसं मात्र तिवर म्हणतात, कांदळ म्हणतात, चिपी म्हणतात. ती वेगवेगळी झाडं आहेत. तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात, कांदळ खोडापासून कमानीसारखे पाय टाकतो. 'कांदळवन' या शब्दात एका झाडाने सगळ्यांचं नाव घेतलं. 'खारफुटी'त तर कुणाचंच नाव उरलं नाही.

जोडशब्दाने भाषा गरीब होते ती इथे. नवा शब्द आला म्हणून नव्हे, त्याने तीन जुने शब्द घरी बसवले म्हणून. ज्याला तिवर आणि चिपी वेगळे सांगता येत नाहीत, त्याला भरावामुळे नेमकं काय मेलं तेही सांगता येत नाही. पण न्यायालयात 'तिवर' चालत नाही, एकत्र नाव लागतंच. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवनांच्या तोडीला आणि भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातल्या बांधकामाला मनाई केली. ते संरक्षण त्या एका सामूहिक शब्दाला मिळालं, सुट्या झाडाला नाही.

एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे: 'मग हरकतीच्या अर्जात आम्ही कुठला शब्द लिहायचा?' दोन्ही लिहा. विषयाच्या ओळीत 'कांदळवन' लिहा, कारण फाईल त्याच शब्दाने उघडते. आणि खाली, पहिल्याच परिच्छेदात, सर्व्हे नंबरसकट लिहा की इथे तिवरं किती आहेत, चिपी किती, खाडीच्या कुठल्या काठाला, आणि भरावाचा ट्रक कुठल्या दिवशी आला. 'ट्रक आला' असं पूर्ण वाक्य लिहा, 'भराव झाला' लिहू नका.