रेल्वे अभियंत्यांची पत्रे कशी वाचावीत?

पुलगाव हे नावच रेल्वेच्या पुलावरून पडले. वर्धा नदीवरचा हा पूल कोणी बांधला, असे विचारले तर पुस्तके सांगतात : ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीने. हे उत्तर मला अर्धे वाटते.

कंपनीच्या कारभारात पत्रव्यवहार एवढा का वाढला? भागधारकांना सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. तूट आली की ती सरकारी तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या घामातून भरून निघे. म्हणून खर्चाला सरकारी सल्लागार अभियंत्याची मंजुरी लागे. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांना आराखडे, दर, दिरंगाई सारे लिहून कळवावे लागे. या कागदांत चढण मोजलेली आहे, बोगदे मोजलेले आहेत. मजूरही मोजलेलाच आहे. १८६१ मध्ये बोरघाटात बेचाळीस हजारांवर माणसे राबत होती. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे येताच आजाराने मेला. त्याचे नाव इतिहासात राहिले. घाटात रोगराईने मेलेले मजूर निनावीच गेले.

मग मजूर या कागदांत बोलतो केव्हा? काम अडवतो तेव्हा. १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून बोरघाटात दंगा झाला आणि साहेबांच्या लेखण्या चालू लागल्या. १८६० मध्ये कायदा आला. मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट तोडावेत, ही त्याची एक धार. करार मोडणाऱ्या मजुराला शिक्षा, ही दुसरी.

अमेरिकेतील यादवीमुळे (१८६१–६५) मँचेस्टरला वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस हवा होता. १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसू लागले आणि १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोचली. गावकुसाबाहेरच्या माणसाला रोख मजुरी म्हणजे जोहार न घालता मिळालेला पैसा. हे मी नाकारत नाही. पण रुळांनी जात तोडली, असे म्हणणाऱ्यांनी मसूर स्टेशन आठवावे. १९०१ मध्ये तेथे उतरलेला बाल भीमराव महार आहे हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला होता.

तेव्हा अभियंत्यांची पत्रे जाळायची नाहीत, उलटी वाचायची. जेथे 'काम थांबले' असे लिहिले आहे, तेथे आपला माणूस उभा आहे. आणि जे पत्रांत नाही, ते स्टेशनमागच्या वस्त्यांतून म्हाताऱ्यांच्या तोंडून लिहून घ्यायचे. ते काम कोणती कंपनी करणार नाही. ते आपलेच आहे.