स्टिकर गेला, अक्षरे राहिली

नाशिकच्या रस्त्यावर एम. एच. १५ क्रमांकाची एखादी जुनी जीप नीट पाहिली, तर तिच्या मागच्या दारावर कधी कधी नसलेला मजकूर वाचता येतो. ‘सप्तशृंगी प्रसन्न’चा स्टिकर आधीच्या मालकाने काढून टाकलेला असतो, पण तिरप्या उजेडात अक्षरे तशीच दिसतात. नवा मालक पेट्रोलचा बोळा घेऊन घासू लागतो. अक्षरे हटत नाहीत. मग थिनर येतो, त्यानंतर तारेची घासणी, आणि शेवटी अक्षरांबरोबर रंगही जातो. हे सारे होते, कारण येथे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत हेच लक्षात घेतले जात नाही.

पहिला प्रश्न चिकटलेल्या डिंकाचा. (डिंक म्हणायचा तो सवयीने. तो बाभळीचा नसतो, ॲक्रिलिक किंवा रबरासारख्या बहुवारिकाचा असतो. तसे तर दुकानदार ज्याला ‘रेडियम’ म्हणतात, त्यातही रेडियम नसतेच.) स्टिकरचा पातळ पापुद्रा पीव्हीसीचा असतो. तो मऊ राहावा म्हणून त्यात तेलकट पदार्थ मिसळलेला असतो. काही वर्षे ऊन खाल्ल्यावर हा पदार्थ निघून जातो आणि पापुद्रा कडक होतो. नखाने ओढला की त्याचे तुकडे पडतात. केस वाळवायच्या यंत्राने हाताला सोसेल इतपत गरम केला, तर तो पुन्हा लवचिक होतो आणि सावकाश ओढल्यास सलग निघतो. मात्र फार तापवू नये. डिंक पातळ होऊन मधूनच फाटतो व अर्धा पत्र्यावर राहतो.

राहिलेला डिंक पाण्यात विरघळत नाही. समान पदार्थ समान पदार्थात विरघळतो, हा वर्गात शिकवला जाणारा नियम येथे उपयोगी पडतो. रॉकेलमध्ये किंवा अगदी खोबरेल तेलात भिजवलेली चिंधी दहा-पंधरा मिनिटे डिंकावर ठेवली की तो फुगतो आणि पुसता येतो. नंतर साबणाचे पाणी. येथे काम वेळ करतो, जोर नव्हे. पेट्रोलचा मोह टाळावा. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते.

थिनरचे काय? ते रंगावर अवलंबून आहे. कारखान्यात मोटारीचा रंग सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजतात. त्यामुळे त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन जाळे तयार होते. थिनरने ते फार तर फुगेल. गॅरेजमध्ये फवारलेला नायट्रोसेल्युलोजचा ‘ड्यूको’ मात्र केवळ द्रावक उडून गेल्याने वाळलेला असतो, म्हणून त्याच थिनरमध्ये तो पुन्हा विरघळतो. गूळ पाण्यात पुन्हा विरघळतो, पण उकडलेले अंडे पुन्हा कच्चे होत नाही, तसाच हा फरक. जुन्या गाडीचा कोणता पत्रा कधी रंगवला गेला, हे पाहून कळत नाही. म्हणून कोणतेही द्रावक आधी दाराच्या आतल्या कडेला लावून पाहावे. चिंधीला रंग लागला, तर तेथेच थांबावे.

आता दुसरा प्रश्न. डिंक पूर्ण गेला तरी अक्षरे का दिसतात? सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये मोटारींच्या काचांवरील काळ्या फिल्मला मनाई केली, तेव्हा अनेकांनी त्या खरवडून काढल्या. चिकटा काढताना दमछाक झाली, पण तो निघाल्यावर काच स्वच्छ झाली, मागे सावली उरली नाही. काचेवर उन्हाचा परिणाम जवळजवळ होत नाही, रंगावर होतो. जीपच्या दारावर बदलला आहे तो अक्षरांभोवतालचा रंग. अक्षरांखालचा बराचसा जुनाच आहे! उन्हातील अतिनील किरण रंगाला बांधून ठेवणाऱ्या बहुवारिकाचे बंध तोडतात, हवेतील ऑक्सिजन तेथे शिरतो आणि पृष्ठभाग निस्तेज, कधी खडूसारखा होतो. लाल रंगद्रव्ये तर विटतातच. विद्यार्थ्यांना हे दाखवायचे असेल, तर वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर काळ्या कागदाचे अक्षर कापून लावावे आणि आठवडाभर उन्हात ठेवावे. कागद पिवळा पडेल, अक्षराखाली नाही. आता ते अक्षर कोणत्या द्रावकाने पुसाल, असे त्यांना विचारावे.

म्हणून ही सावली धुता येत नाही. भोवतालचा बिघडलेला थर पॉलिशिंग कंपाउंडने झिजवावा लागतो. काही मायक्रोमीटर थर गेला की चकाकी सारखी होते. पण मोटारीवरचा सगळ्यात वरचा पारदर्शक थरच मुळात ४०-५० मायक्रोमीटरचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ असतो. अतिनील किरण शोषणारी रसायने त्यातच असतात. दर वर्षी हौसेने पॉलिश मारणारे या शिलकीतूनच खर्च करत असतात. रंग खोलवर विटला असेल, तर झिजवून उपयोग नाही. उघडी पडलेली अक्षरेही उन्हात हळूहळू विटतात आणि फरक कमी होतो. आमच्या मते जुन्या जीपला तेवढे पुरे.

एका प्रकारात मात्र वाट पाहू नये. काही कारागीर स्टिकर आधी दारावर चिकटवतात आणि ब्लेडने तेथेच अक्षरे कापतात. पाते रंग भेदून पत्र्यापर्यंत गेले असेल, तर पावसाळ्यात त्या रेघांत गंज धरतो. अक्षरांच्या कडेवरून नख फिरवावे. ते अडकले, तर तो डिंकही नाही आणि सावलीही नाही. तेथे पॉलिश नको, प्रायमर हवा.